प्रश्न तुमचे : चाळीस फोटोंची गोगलगाय

प्रश्न : मोठ्या शिशूवर्गात अठरा मुलं आणि टॅब एकच. गाणी लावली की मुलं नुसती बघत बसतात. टॅबवर त्यांच्याकडून काही घडवून घेता येईल का?

उत्तर : नक्की येईल. क्लेची गोगलगाय करून स्टॉप मोशनने चालवा, म्हणजे ती थोडी थोडी सरकवत एकेक फोटो काढा; स्टॉप मोशनचं अ‍ॅप ते भरभर दाखवतं आणि ती चालल्यासारखी दिसते. गोगलगायच घ्या, कारण ती पडत नाही आणि हळू सरकणं तिला शोभतं. दोन पायांचा माणूस दर दोन-चार फोटोंनी आडवा होतो आणि मुलं रडकुंडीला येतात.

एका वेळी तीनच मुलं बसवा. एक गोगलगाय सरकवेल, दुसरं ‘हात बाहेर!’ म्हणून चौकट मोकळी झाली का बघेल, तिसरं फोटो काढेल. दर 10 फोटोंनी कामं बदला. सरकवायचं ते पेन्सिलीच्या जाडीएवढंच, म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर. अ‍ॅपमध्ये सेकंदाला 8 फोटो ठेवले तर 40 फोटोंत 5 सेकंदांची फिल्म होते. गोगलगाय तेवढ्यात 27-28 सेंटिमीटर जाते, म्हणून खाली ए-3 कागद आडवा चिकटवा.

टॅब पुस्तकांच्या थप्पीला टेकवून टेपने पक्का करा. तो किंचित हलला तरी फिल्ममध्ये सगळं जग उडी मारतं. खिडकीचा पडदा ओढून एकच दिवा लावा; ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. मागचा फोटो पुसट दिसण्याची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती चालू करा, किती सरकवलं ते मुलांना कळतं.

फोटोत कुणाचा हात आलाच तर तो फोटो तुम्ही पुसू नका. फिल्म लावा आणि गप्प बसा. ‘बाई, तिथे हात दिसला!’ असं मुलंच ओरडतील. मग एकेक फोटो मागे जात तो शोधायला आणि पुसायला त्यांनाच सांगा. संपादन ते हेच, आणि पाच वर्षांच्या मुलाला ते झेपतं. गोगलगाय सरकवण्यात मात्र बाईंनी हात घालू नये, वेडीवाकडी गेली तरी चालेल.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलांकडून हे करून घ्यावं का?

उत्तर : टॅबवर नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांप्रमाणे 2 ते 4 वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन पाहण्यासाठी दिवसाला कमाल 1 तास, आणि त्याहून कमी तितकं चांगलं. या वयात क्ले पुरे. शंखासाठी लांब वळी करून ती गुंडाळणं हेच त्यांच्या बोटांना भरपूर काम आहे.