कार्नाकचे दगड: ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आधी हे वाचा

"ऑगस्टमध्ये पॅरिसहून कार्नाक. दगडांना तिकीट नाही म्हणे, मग बुकिंग कशाला?" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. कार्नाक म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं गाव, तिथे हजारो वर्षांपूर्वी रांगांत उभे केलेले दगड आहेत. मलाही एका माहिती-खिडकीवर हेच ऐकवलं होतं: "उघडंच आहे, कधीही जा." अर्धसत्य! ऑक्टोबर ते मार्च मोकळं असतं. एप्रिल ते सप्टेंबर मात्र कुंपणाच्या आत फक्त गाइडबरोबर, पैसे भरून. त्या एका वाक्यापायी माझा अख्खा दिवस जाळीबाहेर गेला. खिडकीवरच्या बाई हसतमुख होत्या, एवढंच.

कुंपण उगाच नाही. पायांखाली झुडपं मेली, माती वाहून गेली, दगडांची बुडं उघडी पडू लागली, म्हणून १९९१ मध्ये ते घातलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलंय, तेव्हा गर्दी धरूनच चाला.

गाइडबरोबरची फेरी आधीच ऑनलाइन बुक करा आणि भाषा नीट बघा. बहुतेक फेऱ्या फ्रेंचमध्ये असतात. (तारखा मागेपुढे होतात, माझ्या शब्दावर निघू नका.)

जागा नाही मिळाली तरी हरकत नाही, दगड कुंपणाबाहेरूनही दिसतात. मेनेक या दगडांच्या पहिल्या गटात ११ रांगांत १,०९९ दगड आहेत. पश्चिम टोकाला पुरुषभर उंचीहून मोठे, जास्तीत जास्त चारेक मीटर. पूर्वेकडे जाता जाता गुडघ्याएवढे. म्हणून सुरुवात पश्चिमेकडूनच करा, उलटं गेलात तर पहिली दहा मिनिटं "एवढंच?" वाटेल. रस्ता कुंपणाला लागूनच जातो. पुढे केरमारिओ या दुसऱ्या गटाजवळ जुन्या पवनचक्कीच्या बुरुजावरून रांगा वरून दिसतात. केर्लेस्काँ या तिसऱ्या गटाजवळ झाडीत 'मानिओचा राक्षस', साडेसहा मीटरचा एकटा दगड. त्याला कुंपण नाही, हात लावता येतो. माझ्या मते तोच सगळ्यात भारी.

एका दिवसात पॅरिस-कार्नाक-पॅरिस? जमतं, पण मी सांगणार नाही. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून ऑरे या कार्नाकजवळच्या गावापर्यंत रेल्वे, पुढे बस. कार्नाकला स्वतःचं स्टेशन नाही. हॉटेल घेताना 'प्लाज' म्हणजे समुद्रकिनारा की 'बूर' म्हणजे जुनं गाव, तेही बघा. दगड गावाच्या उत्तरेला आहेत.

शाकाहारी असाल तर 'गालेत' म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं मागवा, पण 'कोंप्लेत' नको. त्यात हॅम असतं. अंडं-चीज चालत असेल तर कोंप्लेत "सां जांबों" म्हणजे हॅमशिवाय म्हणा.