दिवसाची उष्णता साठवून रात्री वीज करता येते का? येत असेल तर सगळे बॅटरीच्याच मागे का?

येते. औष्णिक वीजकेंद्रात नोकरी झाल्यामुळे मला या विषयात जरा जास्तच रस आहे, कारण टर्बाइनच्या (वाफेने फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या) बाजूने पाहिलं तर फरक एवढाच की वाफेसाठी कोळसा जाळावा लागत नाही.

स्पेनमध्ये सेव्हिल प्रांतात जेमासोलार नावाचं केंद्र 2011 पासून हेच करतंय. 140 मीटर उंच मनोऱ्याभोवती 2,650 आरसे दिवसभर सूर्यामागे फिरतात आणि सगळं ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर टाकतात. तिथल्या नळ्यांतून वितळलेलं मीठ वाहतं. खायचं नव्हे, 60 टक्के सोडियम नायट्रेट, 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे खताच्या धंद्यातलाच माल. 'थंड' टाकीतून ते 290 अंशाला वर चढतं आणि 565 अंशाला गरम टाकीत उतरतं. वीज हवी तेव्हा त्याच मिठावर वाफ करायची. केंद्र जेमतेम 20 मेगावॅटचं, पण ऊन नसताना 15 तास चालण्याइतकी उष्णता साठवतं.

साठवण हा यातला सोपा भाग आहे. मीठ स्वस्त, टाकी मोठी आणि नीट लपेटलेली असली की तापमान दिवसाला अंशभर उतरतं. त्रास असतो तो भोवतालच्या गोष्टींचा. मीठ साधारण 240 अंशाखाली गोठायला लागतं, त्यामुळे संध्याकाळी मनोऱ्यातल्या नळ्या रिकाम्या कराव्या लागतात, बाकीचे पाइप हीटर लावून गरम ठेवावे लागतात. गोठलेला पाइप म्हणजे काय, हे मेंटेनन्सवाल्याला विचारा! अमेरिकेत नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्स या अशाच 110 मेगावॅटच्या केंद्राची गरम टाकी 2016 मध्ये गळली आणि केंद्र कित्येक महिने बंद पडलं. पुढे वीज घेणाऱ्या कंपनीने करारच मोडला. तोवर सौर पॅनलची वीज इतकी स्वस्त झाली होती की असल्या केंद्रासाठी थांबायला कुणाला वेळ नव्हता.

दुसरी अडचण आकाशाची. आरशाला थेट ऊन लागतं. ढगातून झिरपणाऱ्या उजेडावर पॅनल थोडीफार वीज देतं, आरसा काहीच देत नाही. म्हणून हे प्रकरण चिलीच्या अटाकामा वाळवंटात शोभतं (तिथल्या सेरो दोमिनादोर केंद्राची साठवण 17.5 तासांची आहे), कोकणात जुलै महिन्यात त्याचं काय करणार?

आपल्याकडे राजस्थानात अबू रोडला ब्रह्माकुमारींचं 'इंडिया वन' आहे, 1 मेगावॅटचं. तिथे मीठ नाही. 770 मोठ्या डिश, म्हणजे खोलगट आरसे, बिडाच्या ठोकळ्यांत उष्णता भरतात आणि वाफ त्यांतूनच निघते. गोठायची भानगडच नाही, म्हणून मला ही कल्पना फार आवडते.

काहीजण विचारतात, पॅनलच्या विजेने मीठ तापवून रात्री परत वीज का करू नये? कारण उष्णतेची वीज करताना निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया जाते, बॅटरीत तेवढी जात नाही. कारखान्याला उष्णताच हवी असेल तर गोष्ट वेगळी. शिर्डीच्या प्रसादालयात 2009 पासून 73 सौर डिशच्या वाफेवर स्वयंपाक होतो. मध्ये टर्बाइन नाही, त्यामुळे ते नुकसानही नाही.

घराच्या छतासाठी विचारत असाल तर हा नाद सोडा. टाकी लहान असली की उष्णता भराभर निघून जाते, आणि घरगुती मापाचं वाफेचं टर्बाइन परवडत नाही. अंघोळीच्या पाण्याला सौर बंब, विजेला पॅनल आणि नेट मीटर (जास्तीची वीज ग्रिडला दिल्याची नोंद ठेवणारं).