ताट वेगळं, रेझर एकच

"मॅडम, मी माझं ताट-वाटी वेगळी केलीय. अजून काय करू?" हेपेटायटिस बीचा रिपोर्ट हातात पडलेली बहुतेक माणसं हाच प्रश्न घेऊन येतात. म्हणून एका कुटुंबाच्या समुपदेशनाच्या चार-पाच बैठकांचा सारांश ओळख पुसून मांडते.

रक्तदानाच्या तपासणीत या गृहस्थांचा एचबीएसएजी (रक्तात हेपेटायटिस बीचा विषाणू असल्याची खूण) पॉझिटिव्ह निघाला. डोळे पिवळे नाहीत, भूक उत्तम. तरी दोन महिने ते वेगळ्या खोलीत झोपत होते आणि आपली भांडी उकळत्या पाण्यातून काढत होते.

मी सल्ल्याची घाई करत नाही. माणूस दिवसभर प्रत्यक्षात काय करतो ते आधी विचारते.

"सकाळी उठल्यावर काय काय करता?"

"दात घासतो, दाढी करतो."

"रेझर कुणाचा?"

"माझाच." मग जरा थांबून, "मुलगा घेतो कधी कधी. नुकती मिसरूड फुटलीय त्याला."

"आणि नेलकटर?"

"घरात एकच आहे."

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. दोन महिने भांडी उकळली, आणि रेझर आरशाखाली तसाच!

यात निष्काळजीपणा नव्हता, घोटाळा शब्दाचा होता. 'कावीळ' हा एकच शब्द आपण पाच वेगळ्या विषाणूंसाठी वापरतो. हेपेटायटिस ए आणि ई विष्ठेने दूषित झालेल्या पाण्या-अन्नातून पसरतात. हात धुणं, पाणी उकळणं ही काळजी त्यांच्यासाठी. (ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकतो, तो हलक्यात घेऊ नये.) बी, सी आणि डी रक्तातून जातात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. डी तर बी असेल तरच मूळ धरतो. वाळलेल्या रक्ताच्या डागात बी किमान 7 दिवस टिकतो, म्हणून रेझर, टूथब्रश, नेलकटर, सुई वेगळी हवी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने तो पसरत नाही. गृहस्थांना आजार बीचा होता, पथ्य ते एचं पाळत होते.

चूक नेमकी कुठे आहे हे कळलं की भीती आपोआप आटोक्यात येते, असं माझं मत आहे. धीराचे शब्द त्यानंतर.

मग तपासण्या. एचबीएसएजी 6 महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिला तर संसर्ग जुनाट धरतात. अँटी-एचबीसी ही अँटीबॉडी प्रत्यक्ष संसर्ग झाल्यावरच तयार होते; तिचा आयजीएम हा सुरुवातीचा प्रकार सहसा ताज्या संसर्गात सापडतो. गृहस्थांचा तो निगेटिव्ह होता, म्हणजे लागण ताजी नसावी. उपचार लागतील का, हे एचबीव्ही डीएनए (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि यकृताची स्थिती बघून डॉक्टर ठरवतात. नुसत्या पॉझिटिव्ह शिक्क्यावर गोळ्या सुरू होत नाहीत, तसंच त्रास नाही म्हणून तपासण्या सोडायच्याही नसतात. सीची गोष्ट वेगळी: तिथे अँटीबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते, म्हणून एचसीव्ही आरएनए (विषाणू आत्ता रक्तात आहे का ते सांगणारी चाचणी) केल्याशिवाय घाबरायचं नाही.

घरच्यांच्या तीन चाचण्या झाल्या: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटीबॉडी), अँटी-एचबीसी. मुलाच्या तिन्ही निगेटिव्ह. म्हणजे संसर्ग नाही, पण संरक्षणही नाही. त्याला लसीचे तीन डोस: आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात. बाईंचा एचबीएसएजी निगेटिव्ह, बाकी दोन्ही पॉझिटिव्ह. त्यांना कधीतरी संसर्ग होऊन शरीराने तो परतवला होता, त्यांना पत्ताही नव्हता.

त्या बैठकीत बाईंनी हळूच विचारलं, "हे ह्यांच्याकडून मला आलं, की माझ्याकडून ह्यांना?"

ताट वेगळं का झालं होतं ते मला तेव्हा उमगलं. विषाणूपेक्षा संशय मोठा होता आणि दोघंही तो गिळून बसले होते.

"हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं," मी म्हटलं. "तान्हेपणी लागण झाली तर सुमारे 90 टक्के बाळांत ती जुनाट होते. निरोगी मोठ्या माणसांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ह्यांची लागण लग्नाच्या कितीतरी आधीची, अगदी जन्माच्या वेळचीही असू शकते."

गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग बायकोला म्हणाले, "आईची तपासणी कधी झालीच नाही गं."

मुलाचा तिसरा डोस झाला, की एक-दोन महिन्यांनी त्याचं अँटी-एचबीएस बघायचं आहे. आकडा 10 किंवा त्याहून वर हवा. रेझर त्याने दुसऱ्याच दिवशी नवा घेतला.