२९,७०० पैकी मित्राचे किती?

*कॉलेजपासूनच्या मित्राने दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे शेअर घ्यायला लावले. 'डोळे झाकून घे' म्हणाला. मी २४० च्या भावाने १०० घेतले आणि भाव पडत गेला. पुढे कळलं की त्याने स्वतःचे २०० ला विकून टाकले होते आणि मला चकार शब्दाने सांगितलं नाही. मध्यंतरी मी दोनदा आणखी १००-१०० घेऊन (१५० ला आणि १०५ ला) ॲव्हरेज १६५ वर आणलं, त्यासाठी नफ्यातले दुसरे दोन शेअर विकले. आज भाव ६६ आहे. मित्राचा फोन मी उचलत नाही, त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनलाही गेलो नाही. अठरा वर्षांची मैत्री तोडावी का? आणि १६५ आले की विकून मोकळं व्हायचं ठरवलंय, ते बरोबर ना?*

मित्राच्या वागण्याला तुम्ही अर्धं पत्र दिलंत आणि 'मध्यंतरी मी दोनदा आणखी घेऊन' याला एक ओळ. मी त्या ओळीवरच थांबले आहे.

आधी हिशोब. ३०० शेअरसाठी तुम्ही ४९,५०० घातले, आज त्यांचे १९,८०० होतात. तोटा २९,७००. आता भाव १५० वर होता तो दिवस आठवा. मित्राच्या शब्दावर घेतलेले १०० शेअर तुमच्या हातात होते आणि तोटा होता ९,०००. भाव पडतोय हे तुम्हाला दिसत होतं आणि आणखी घे असं कुणीही सांगितलेलं नव्हतं. तिथून पुढचे २०,७०० तुमचे आहेत. हे तुम्हाला लागेल, पण सौम्य करून सांगितलं तर तुम्ही पुन्हा मित्राकडेच बोट दाखवाल.

दोष द्यायला दुसरा माणूस समोर असला की तोट्यातली गुंतवणूक विकणं माणसाला सोपं जातं. गुंतवणूकदारांच्या अभ्यासात हे दिसलेलं आहे: स्वतः निवडलेला पडका शेअर लोक धरून ठेवतात, पण पडलेला म्युच्युअल फंड विकून टाकतात, कारण चूक फंड मॅनेजरची असं म्हणता येतं. तुमचे पहिले १०० तुम्ही कदाचित असेच विकून टाकले असते. हात अडतोय तो पुढच्या २०० शेअरपाशी, कारण त्या निर्णयाला तुमच्याशिवाय कुणी धनी नाही. मित्रावरचा राग धगधगता ठेवला की तिकडे बघावं लागत नाही. म्हणून तो अजून निवला नाही.

आता १६५ बद्दल. हा आकडा फक्त तुमच्या डोक्यात आहे. कंपनीची विक्री, तिचं कर्ज, तिचा नफा यांपैकी कशालाही तुम्ही काय भावाने घेतलंत हे ठाऊक नाही. ॲव्हरेज केल्याने कंपनीत काही सुधारलं नाही. तुमच्या कागदावरचा आकडा खाली आला आणि एकाच कंपनीत अडकलेली रक्कम दुप्पट झाली. ६६ चे १६५ व्हायला भाव १५० टक्के वर जायला हवा. शंभराचे चाळीस झाले की पुन्हा शंभर व्हायला ते अडीचपट व्हावे लागतात, हे गणित मन करत नाही. मनाला फक्त 'मुद्दल सुटलं की निघू' एवढंच ऐकू येतं.

(बाजारातल्या शेकडो कंपन्यांत विभागलेल्या फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालणं हे असं ॲव्हरेज करण्यापेक्षा वेगळं. सगळा बाजार सहसा शून्यावर जात नाही. एक कंपनी जाऊ शकते.)

आणि ते नफ्यातले दोन शेअर! पत्रात सगळ्यात जास्त हळहळ मला त्यांची वाटली. नफ्यातलं विकायचं आणि तोट्यातलं सांभाळायचं या सवयीला शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये 'डिस्पोझिशन इफेक्ट' असं नाव दिलं. टेरन्स ओडीन या संशोधकांनी एका ब्रोकरकडच्या १०,००० खात्यांचे १९८७ ते १९९३ मधले व्यवहार तपासले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, त्यांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी जास्त चालले. म्हणजे नेमकं उलटं केलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही तर त्याच्याही पुढे गेलात. चाललेलं विकून तेच पैसे पडलेल्यात ओतलेत.

आता करायचं ते एकच. या आठवड्यात ३०० च्या ३०० विका.

खात्यात खरेदीभावाचा रकाना दिसतो, तो झाकून कोऱ्या कागदावर फक्त '३०० × ६६ = १९,८००' लिहा. हे १९,८०० रोख हातात असते तर उद्या सकाळी तुम्ही याच कंपनीचे शेअर घेतले असते का? पत्रात कंपनी काय बनवते हेसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तुमचं उत्तर 'नाही' असंच मी धरून चालते.

अर्धे विकून अर्धे ठेवू नका. उरलेले १५० रोज सकाळी तोच प्रश्न विचारत राहतील. शेअरची उलाढाल कमी असेल तर बाजारभावाची ऑर्डर टाकू नका, खरेदीदार कमी असले की शेवटचे शेअर फार खाली जातात. लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे 'याहून कमी भावाला विकायचं नाही' अशी ऑर्डर, आणि तो भाव ठेवा सगळ्यात वरच्या खरेदीदाराच्या भावाच्या किंचित खाली. दिवसभरात सगळे गेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचा भाव बघून पुन्हा टाका, '६६ आलाच पाहिजे' असा नवा हट्ट धरू नका. हा तोटा तुमच्या इतर नफ्यातून वजा करून कर वाचतो का, हे कर सल्लागाराला विकण्याआधी विचारा. विकलेल्या त्या दोन शेअरचा नफा याच वर्षातला असेल तर कदाचित उपयोग होईल.

खरा धोका पैसे खात्यात आल्यानंतरचा आहे. तोटा सोसलेल्या माणसाला, एरवी ज्याला तो हात लावणार नाही असा जुगारही 'यात सगळं भरून निघेल' म्हणून गोड वाटतो. थेलर आणि जॉन्सन या संशोधकांनी १९९० मध्ये हेच दाखवलं होतं. म्हणून तीस दिवस त्या पैशांना हात लावायचा नाही आणि या शेअरचा भावही बघायचा नाही. विकल्यावर तो वर गेला तर? जाईलही. तुम्ही आज जे जाणता त्यावरून घेतलेला निर्णय त्याने चुकीचा ठरत नाही.

राहिला मित्र. स्वतःचे शेअर विकताना त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं, ते त्याला तोंडावर म्हणा. पण आधी विका. विकण्याआधी बोलायला गेलात तर तुम्ही २९,७०० चं भांडण घेऊन जाल. त्याच्या वाटेला त्यातले ९,००० येतात, आणि एवढ्यासाठी अठरा वर्षं मोडू नका.

त्याचे वडील आता घरी आले असतील. त्यांना भेटायला जा.