वाचकांचे प्रश्न: पहिले शस्त्र किती लहान असावे?

प्रश्न: माझी डिचोली तालुक्यात काजूची बागायत असून हंगामात रोख रक्कम घेऊन संध्याकाळी एकट्याने परतावे लागते. शस्त्रपरवान्यासाठी मी अर्ज केला आहे. खिशात मावेल असे, मिळेल तितके लहान पिस्तूल घ्यावे, असे मित्र सांगतात. पूर्वी कधी शस्त्र हाताळलेले नाही. घरात आठ वर्षांचा नातू आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: परवाना देण्याचा निर्णय जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल पाहून घेतात आणि तो मिळेलच असे गृहीत धरता येत नाही, म्हणून तोपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये. ९ मिमीचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडते, त्यामुळे आपली निवड बहुधा ०.३२ बोअरमध्येच होईल.

मित्रांचा सल्ला मला मात्र पटत नाही. लहान शस्त्र बाळगायला सोपे असते, पण चालवायला तेच सर्वांत अवघड असते आणि नवख्याच्या हातात तर अधिकच. पुढच्या आणि मागच्या माशीत (नेम धरण्यासाठी शस्त्रावर असलेल्या दोन खुणांत) १० सेंटिमीटर अंतर असेल आणि नेम धरताना पुढची माशी एका मिलिमीटरने सरकली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर चूक सात सेंटिमीटरच्या आत राहते. शिवाय काडतूस तेच असताना शस्त्र जितके हलके, तितका हाताला बसणारा झटका मोठा. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, तर २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ काडतुसांशिवाय सुमारे ६७५ ग्रॅमचे. हा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी सरावाच्या वेळी मनगटाला तो जाणवतो, आणि झटक्याची धास्ती बसलेला माणूस सराव टाळू लागतो.

दुकानात शस्त्र रिकामे असल्याची खात्री दुकानदाराकडून करून घेऊन, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, ते हातात धरून पाहावे. करंगळी मुठीखाली लोंबकळत असेल, किंवा चापापर्यंत बोट नेण्यासाठी मनगट वळवावे लागत असेल, तर ते शस्त्र कितीही देखणे असले तरी आपले नव्हे.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, या प्रश्नात आपल्यासाठी मी रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे. पिस्तुलाचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढले म्हणजे ते रिकामे झाले, हा समज जीवघेणा आहे, कारण नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये एक काडतूस तसेच राहिलेले असू शकते आणि स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून आत पाहिल्याशिवाय ते कळत नाही. रिव्हॉल्व्हरचे काडतुसांचे चक्र उघडले की त्यातली सगळी घरे एका नजरेत दिसतात. त्याचा चाप ओढायला बराच जड लागतो, ही अडचण खरी आहे; पण ती प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सरावाने दूर होते. सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण खरेदीपूर्वीच पूर्ण करावे, असा माझा आग्रह आहे.

नातवाबद्दल आपण लिहिले, ते फार बरे केले. कपाटाचा वरचा खण किंवा गादीखालची जागा मुलांना हमखास ठाऊक असते. शस्त्र रिकामे करून भिंतीत पक्क्या बसवलेल्या पोलादी तिजोरीत ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या आपल्याजवळच असाव्यात. बागायतीतून परतल्यावर हातपाय धुण्याआधी हे काम उरकावे.

प्रश्न: परवान्यावर किती शस्त्रे ठेवता येतात? – एक वाचक, फोंडा

उत्तर: शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे दोन, त्यापूर्वी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षांची झाली. निवडणुकीच्या काळात प्रशासनाचा आदेश आल्यास शस्त्र जमा करून पावती घ्यावी आणि ती परवान्यासोबत जपून ठेवावी.