महासागरावर व्याख्यान देणाऱ्या तरुण अभ्यासकास

प्रिय तरुण अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा व्याख्यानाचा मसुदा, दोन्ही काळजीपूर्वक वाचले. महासागराचे विज्ञान आणि पर्यावरणाचे संरक्षण या विषयावर सर्वसामान्य श्रोत्यांसमोर बोलण्याचे निमंत्रण तू स्वीकारलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण ज्यांनी स्वतः मोजमापे केली आहेत आणि आकडेवारी हाताळली आहे, अशी माणसे व्यासपीठावर क्वचितच येतात. मसुद्याबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवे. तापमानवाढ, आम्लीकरण, प्लास्टिक, प्रवाळ, अतिमासेमारी, खोल समुद्रातील खाणकाम आणि समुद्रपातळी असे सात विषय तू एका तासात बसवले आहेस, आणि त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला केवळ निष्कर्ष आला आहे. तो निष्कर्ष कसा निघाला, हे मसुद्यात कोठेच नाही. माझा सगळा सल्ला या एकाच उणिवेबद्दल आहे. समुद्र तापतो आहे, हे वाक्य श्रोत्याला वर्तमानपत्रातही वाचायला मिळते. ते आपल्याला कशावरून कळले, किती खात्रीने म्हणता येते आणि कोणत्या अटींवर खरे आहे, हे समजावून द्यायला मात्र समोर जाणता माणूस उभा असावा लागतो.

अशा व्याख्यानाचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना १८६८ सालचा आहे. थॉमस हेन्री हक्स्ली या जीवशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील नॉरिच शहरात कामगारांपुढे खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिले. सुरुवात त्यांनी श्रोत्यांच्या पायाखालच्या जमिनीपासून केली. या शहरात विहीर खणायला घेतली तर लवकरच पांढरा, मऊ खडक लागेल, तो खडूचा, आणि त्याचाच तुकडा प्रत्येक सुतार खिशात बाळगतो, असे सांगून त्यांनी तो खडू सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो याचे वर्णन केले. त्यात अतिसूक्ष्म जीवांची कवचे खच्चून भरलेली असतात. मग त्यांनी श्रोत्यांना अटलांटिक महासागराच्या तळाशी नेले. समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकण्याच्या तयारीत १८५७ साली ‘सायक्लॉप्स’ या जहाजाने तळाचा गाळ वर काढला होता आणि त्याचे नमुने तपासणीसाठी हक्स्ली यांच्याकडे आले होते. त्या गाळातही तशीच कवचे होती. म्हणजे ज्या जमिनीवर श्रोते बसले होते, ती कधी काळी समुद्राचा तळ होती. येथवर पोहोचताना हक्स्ली यांनी कोणालाही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले नाही. प्रत्येक पायरी श्रोत्याला स्वतः चढता येईल अशी होती, आणि म्हणूनच ज्यांचे शिक्षण बेताचे होते अशा माणसांनाही एका वस्तूवरून भूवैज्ञानिक काळाचा पल्ला कवेत घेता आला.

तुझ्या सात विषयांपैकी एकच निवड, आणि माझे ऐकशील तर उष्णता निवड. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी अतिरिक्त उष्णता साठते आहे, तिच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक महासागरात गेली आहे. हवेच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो. हा आकडा सांगून पुढे जाऊ नकोस, येथे थांब. दोन फुगे घे, एकात हवा भर, दुसऱ्यात थोडे पाणी. पहिल्याखाली मेणबत्ती धरली की तो तत्काळ फुटतो. दुसऱ्यातले पाणी उष्णता शोषून घेत राहते आणि रबर तापू देत नाही. त्यानंतर सांग, की वातावरणाचा संपूर्ण स्तंभ जेवढी उष्णता धारण करू शकतो, तेवढी महासागराचे वरचे सुमारे तीन मीटर पाणी धारण करू शकते, आणि महासागराची सरासरी खोली तर सुमारे ३,७०० मीटर आहे. आता श्रोत्याच्या मनात प्रश्न उभा राहील की एवढ्या खोल पाण्याचे तापमान मोजले कोणी? तो प्रश्न त्याच्या मनात आल्यावरच आर्गोची माहिती दे. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे चार हजार तरंगते मापक आज जगभरच्या समुद्रांत आहेत. प्रत्येक मापक सुमारे हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतो, साधारण दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतो, वर येताना तापमान आणि क्षारता नोंदवतो, पृष्ठभागावर आला की उपग्रहामार्फत ती माहिती पाठवतो आणि पुन्हा खाली जातो. ही सारी माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. एका मापकाची ताजी नोंद पडद्यावर दाखव आणि ती कोठे मिळते हेही सांग, म्हणजे तुझे म्हणणे पडताळून पाहण्याचा मार्ग श्रोत्याच्या हाती येईल. आर्गोपूर्वीच्या काळातील मोजमापे बहुतांशी जहाजांच्या मार्गांवरची होती आणि दक्षिण महासागरातील हिवाळ्याच्या नोंदी फारच विरळ होत्या, हेही लपवू नकोस. एवढे झाले की, तापलेले पाणी प्रसरण पावते आणि म्हणून बर्फ न वितळताही समुद्रपातळी चढते, हे दोन वाक्यांत पटते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून २०१८ पर्यंत जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि तिच्यात या प्रसरणाचा वाटा मोठा आहे.

आता त्याच हक्स्ली यांचे दुसरे भाषण पाहा. १८८३ साली लंडनमध्ये मत्स्योद्योगाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी असे मत मांडले की कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारख्या मोठ्या सागरी माशांचे साठे बहुधा अक्षय आहेत. समुद्रात मासे इतके आहेत आणि त्यांतले इतर शिकारी जीवांच्या तोंडी पडतात ते इतके, की माणूस पकडतो त्याचा हिशेबच नगण्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी एक अटही घातली होती: मासेमारीच्या आजच्या पद्धती लक्षात घेता. लोकांच्या लक्षात ‘अक्षय’ राहिले आणि अट विसरली गेली. समुद्रातून मोठे जाळे ओढत नेणारी, वाफेवर चालणारी ट्रॉलर जहाजे त्याच दशकात समुद्रात उतरू लागले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मासे जागीच गोठवून साठवणारी प्रचंड जहाजे आली. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्याजवळील कॉडची वार्षिक पकड १९६८ साली आठ लाख टनांच्या वर गेली, आणि १९९२ साली कॅनडाच्या सरकारला तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. मूळची बंदी दोन वर्षांची होती. साठा इतका खालावला होता की ती तीन दशकांहून अधिक काळ टिकली.

या घटनेतील एक तपशील व्याख्यात्याने विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. लहान होड्यांतून किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक १९८०च्या दशकातच सांगत होते की मासे कमी झाले आहेत आणि जे मिळतात ते आकाराने लहान आहेत. साठ्याचा अंदाज मात्र मोठ्या ट्रॉलरना मिळणाऱ्या पकडीवर बराच अवलंबून होता. उरलेला कॉड दाट थव्यांनी एकत्र येत होता आणि आधुनिक उपकरणांना ते थवे अचूक सापडत होते, त्यामुळे साठा घटत असतानाही पकड भरपूर दिसत राहिली. समुद्रावर ज्यांचे पोट आहे अशी माणसे तुझ्या सभागृहात असतील, तर व्याख्यान सुरू होण्यापूर्वीच त्यांच्याशी बोल आणि त्यांना काय दिसते आहे ते विचार. आपले आकडे आणि त्यांचे निरीक्षण जुळत नसेल, तर ती तफावत व्याख्यानात मांड. विज्ञानाने केवळ सांगावे आणि लोकांनी केवळ ऐकावे, ही समजूत कॉडच्या बाबतीत फार महाग पडली.

मसुद्यातील तीन विधाने मला खटकली. ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, म्हणून तेही तुझ्या मसुद्यात आले असावे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, करतात हे खरे, पण त्यांनी निर्माण केलेला बहुतेक सर्व प्राणवायू समुद्रातच श्वसनात आणि कुजण्यात वापरला जातो, आणि आपण श्वासातून घेतो तो प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे: १९६० नंतर महासागरात विरघळलेल्या प्राणवायूचे एकूण प्रमाण सुमारे दोन टक्क्यांनी घटले आहे, आणि त्याची झळ माशांना बसते. ती सांग. दुसरे विधान प्रशांत महासागरातील ‘प्लास्टिकच्या बेटा’चे. तेथे पाय ठेवता येईल असे बेट नाही. विस्तीर्ण क्षेत्रात विखुरलेले, बहुतांशी अगदी बारीक तुकडे आहेत आणि वजनाने पाहिले तर टाकून दिलेल्या जाळ्यांचा वाटा फार मोठा आहे. बेट डोळ्यांपुढे आणले की ते उचलून नेता येईल असे वाटते. बारीक तुकडे विखुरलेले आहेत हे कळले, की ते समुद्रात जाण्यापूर्वीच का रोखले पाहिजेत ते आपोआप समजते. तिसरे विधान समुद्र ‘आम्लधर्मी झाला आहे’ असे म्हणते. पृष्ठजलाचा सामू (pH, सातच्या खाली आम्ल आणि वर अल्क) औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे ८.२ होता, तो आता ८.१च्या आसपास आहे, म्हणजे समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमी, म्हणजे एका अंकाला दहापट फरक दाखवणारी, असल्यामुळे एवढ्याशा फरकात हायड्रोजन आयनांचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि कवच बांधणाऱ्या जीवांना लागणारे कार्बोनेट कमी होते. खरी गोष्ट पुरेशी गंभीर आहे; तिच्यावर अतिशयोक्तीचे ओझे घातले आणि सभागृहातील एकाच्याही ते लक्षात आले, की उरलेल्या व्याख्यानावरचा विश्वासही उडतो.

संरक्षणाचा भाग तू शेवटच्या पाच मिनिटांत ढकलला आहेस, आणि त्यात आवाहनाखेरीज काही नाही. त्याला निदान वीस मिनिटे दे. मेक्सिकोतील काबो पुल्मोचे उदाहरण घे. तेथील मासेमार कुटुंबांच्या पुढाकाराने १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, मासेमारी थांबली, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचा जैवभार, म्हणजे त्यांचे एकूण वजन, ४६० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे मोजणीत आढळले. येथेही अट सांगायला विसरू नकोस. काबो पुल्मो ज्यात आहे त्या कॅलिफोर्नियाच्या आखातातील इतर संरक्षित क्षेत्रांत, जेथे मासेमारी प्रत्यक्षात चालूच राहिली, अशी वाढ दिसली नाही. नकाशावर रेघ ओढल्याने मासे वाढत नाहीत, ती रेघ पाळली गेली तर वाढतात, आणि ती पाळण्यात स्थानिकांचा स्वतःचा सहभाग होता. देवमाशांबाबतही असेच आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ साली व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचा निर्णय घेतला, आणि त्यानंतर कुबड्या देवमाशांचे अनेक समूह चांगलेच सावरले. निळ्या देवमाशांची वाढ मात्र अद्याप मंद आहे. उपाय सांगताना तो कोणाच्या हातात आहे तेही नेमके सांग. व्यक्तीने काय करावे, नगरपालिकेने काय करावे आणि राष्ट्रांनी काय करावे, यांची सरमिसळ झाली की श्रोता घरी जाऊन प्लास्टिकची एक पिशवी नाकारतो आणि आपले काम झाले असे समजतो. कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या सागरी क्षेत्रातील जैवविविधतेसाठी २०२३ साली संयुक्त राष्ट्रांत करार संमत झाला. असे करार लोकांच्या दबावाशिवाय पाळले जात नाहीत, हे सभागृहात बसलेल्या मतदारांना उद्देशून बोलण्यास कचरू नकोस. आणि मासेमारीवर निर्बंध आल्यास त्याची किंमत आधी कोण मोजतो, याचा उल्लेख केल्यावाचून निर्बंधांची मागणी करू नकोस.

चित्रांबद्दल थोडेच सांगायचे आहे. समुद्राचे उभे छेद दाखवताना खोली शेकडो पट ताणलेली असते, हे आवर्जून सांग. तीस सेंटिमीटर रुंद कागदावर प्रशांत महासागर खऱ्या प्रमाणात काढला, तर त्याची खोली त्या कागदाच्या जाडीएवढीच भरेल. आलेखाचे दोन्ही अक्ष वाचून दाखव आणि मगच त्याच्या रेषेबद्दल बोल.

प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेव आणि ती कशासाठीही खर्च करू नकोस. उत्तर माहीत नसेल तर तसे सांग, आणि ते शोधण्यासाठी कोणती मोजमापे लागतील हे सांगता येत असेल तर तेही सांग. येथे पुन्हा हक्स्ली आठवतात. १८६८ सालीच त्यांनी जुन्या गाळाच्या नमुन्यांतील चिकट पदार्थ हा आदिम सजीव आहे असे समजून त्याला ‘बॅथिबियस’ हे नाव दिले होते. पुढे महासागरांच्या संशोधनासाठी निघालेल्या ‘चॅलेंजर’ जहाजावरील रसायनज्ञाने दाखवून दिले की नमुने टिकवण्यासाठी घातलेल्या अल्कोहोलमुळे समुद्राच्या पाण्यातून बाहेर पडलेला तो कॅल्शियम सल्फेट होता. हक्स्ली यांनी १८७५ साली आपले म्हणणे जाहीरपणे मागे घेतले, आणि त्यांचे नाव त्याने कमी झाले नाही. हवामानबदलावर शंका घेणारा एखादा श्रोता उठेल, तेव्हा त्याची शंका मोजमापाबद्दल आहे की उपायांबद्दल, हे आधी विचारून घे. मोजमापाबद्दल असेल तर आर्गोची नोंद पुन्हा पडद्यावर आण, उपायांबद्दल असेल तर तो मतभेद विज्ञानाच्या नावाखाली दडपू नकोस.

पहिल्या व्याख्यानानंतर विचारले गेलेले सर्व प्रश्न त्याच रात्री लिहून ठेव, आणि दुसऱ्या व्याख्यानाची मांडणी त्यांवरून कर. सुधारलेल्या मसुद्यातील उष्णतेचा भाग आधी पाठवलास तरी चालेल. प्रत्येक आकड्याजवळ तो कोठून आला ते समासात लिहून पाठव, म्हणजे मला तो तुझ्याबरोबर तपासता येईल.

कळावे, लोभ असावा.