नोटिफिकेशन झटकू नका, दाबून धरा

नको असलेल्या नोटिफिकेशन्सबद्दलचे प्रश्न इतके साठलेत की आजचा अख्खा रकाना त्यांनाच देतोय. बहुतेक प्रश्न अँड्रॉइड फोनचे आहेत, म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याचीच. कंपनीप्रमाणे सेटिंगमधली नावं थोडी बदलतात. फोन मराठीत ठेवला असेल तर ‘नोटिफिकेशन’च्या जागी ‘सूचना’ असं दिसेल.

खरेदीच्या एका अ‍ॅपवरून दिवसभर ‘सेल संपत आला’ असलं काहीतरी येत राहतं. बंद करावं तर पार्सल कधी येणार तेही कळणार नाही. काय करू?

जाहिराती बंद आणि पार्सलची खबर चालू, असं करता येतं. पुढच्या वेळी तसं नोटिफिकेशन आलं की सवयीने बाजूला सारू नका. त्याच्यावरच बोट सेकंदभर दाबून धरा. ते कोणत्या प्रकारात मोडतं ते तिथे दिसेल, ‘ऑफर्स’ किंवा ‘प्रमोशन्स’ असं काहीतरी. शेजारच्या गिअरच्या चिन्हावर टिचकी मारा, की त्या अ‍ॅपचे सगळे प्रकार एकाखाली एक उघडतात आणि प्रत्येकासमोर बटण असतं. ऑर्डर आणि डिलिव्हरी राहू द्या, बाकीची बटणं बंद करा. ही सोय २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर आली, पण वर्षानुवर्षं नोटिफिकेशन्स झटकत बसलेल्या कितीतरी लोकांना ती ठाऊकच नसते.

सॅमसंगच्या अलीकडच्या फोनवर हे प्रकार दिसत नसतील, तर सेटिंगमध्ये नोटिफिकेशन, मग अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज असं जाऊन प्रत्येक अ‍ॅपच्या नोटिफिकेशन कॅटेगरी सांभाळण्याचं बटण आधी चालू करावं लागतं.

एक अडचण मात्र आहे. कोणता मजकूर कोणत्या प्रकारात घालायचा हे अ‍ॅप बनवणाराच ठरवतो. काही अ‍ॅप्स जाहिरातसुद्धा ‘ऑर्डर’च्याच प्रकारात घुसवतात. अशा वेळी अ‍ॅप उघडून त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनचा भाग सापडतो का बघा. तिथेही सोय नसेल तर त्या अ‍ॅपचं तोंड पूर्ण बंद करा. पार्सल कुठवर आलं ते अ‍ॅप उघडून बघता येतं. डिलिव्हरीच्या नावाखाली जाहिरात पाठवणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या खिशात आवाज करायचा हक्क उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आईच्या फोनवर रोज ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा’ असं येतं. ती घाबरून गेली आहे. फोन रिसेट करू का?

रिसेट नको. आधी आईला सांगा की हे कोणी फोन तपासून पाठवलेलं नाही. वेबसाइटला फोनमधले व्हायरस मोजता येतच नाहीत. ‘१३’ हा आकडा कोणीतरी बसून टाइप केलाय.

नोटिफिकेशन नीट निरखून बघा. लाल खूण आणि ढालीचं चित्र मोठं असतं, पण वरच्या बाजूला बारीक अक्षरात ‘क्रोम’ लिहिलेलं असतं आणि आसपास कुठल्या तरी अनोळखी साइटचा पत्ता. खरा पाठवणारा तो. ही परवानगी बहुतेक वेळा अशी जाते: एखादा व्हिडिओ किंवा पाककृती शोधताना पान उघडतं, त्यावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ असं येतं आणि माणूस दाबतो. त्या अलाउचा रोबोशी काडीचाही संबंध नसतो. ती नोटिफिकेशन पाठवायची परवानगी असते, आणि एकदा दिली की ते पान बंद केल्यावरही साइट पाठवतच राहते.

ती काढायला क्रोम उघडा, वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा, सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी येईल. माझ्या आईच्या फोनवर ही यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा दोनदा स्क्रोल करावी लागली होती, आणि त्यातलं एकही नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. एकेक उघडून परवानगी काढा. त्याच पानावर सगळ्यात वरचं बटण बंद केलंत तर यापुढे कुठलीही साइट परवानगी मागणारच नाही. आईवडिलांच्या फोनवर मी हे बटण बंदच ठेवतो. नव्या क्रोममध्ये नोटिफिकेशनच्या खालीच ‘अनसबस्क्राइब’चं बटणही येतं, तेही चालेल. दुसरा ब्राउझर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये अशीच यादी असते.

आईने त्या नोटिफिकेशनवर टिचकी मारली होती का, हे शांतपणे विचारा. नुसतं पान उघडून बंद केलं असेल तर सहसा काही बिघडत नाही. तिथून एखादं ‘क्लीनर’ उतरवलं असेल तर ते काढून टाका. कार्डाचा नंबर किंवा पासवर्ड भरला असेल तर बँकेला लगेच कळवा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. आणि तिला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणार नाही.

फोन उघडला की मधूनच पूर्ण पडदाभर जाहिरात येते. कुठल्या अ‍ॅपची ते कळत नाही.

जाहिरात पडद्यावर असतानाच, अलीकडे वापरलेली अ‍ॅप्स दाखवणारं बटण दाबा. जाहिरातीच्या कार्डावर गुन्हेगार अ‍ॅपचं चिन्ह दिसतं. काहीजण चिन्ह कोरं ठेवून लपतात. मग सेटिंगमध्ये अ‍ॅप्सच्या विशेष परवानग्यांत ‘इतर अ‍ॅप्सच्या वर दिसणे’ ही यादी उघडा. टॉर्च, वॉलपेपर किंवा क्यूआर स्कॅनरला या परवानगीची सहसा गरज नसते. ती तिथे दिसली तर संशय घ्या.

तरीही सापडत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बऱ्याच फोनवर ‘पॉवर ऑफ’चा पर्याय दाबून धरला की तो विचारतो. सेफ मोडमध्ये तुम्ही उतरवलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. जाहिराती थांबल्या तर दोषी त्यांच्यातच आहे. शेवटी उतरवलेल्यापासून एकेक काढत मागे जा. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल तर त्या अ‍ॅपने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा, म्हणजे फोनवर ताबा ठेवण्याचा खास अधिकार घेतलेला असू शकतो. आधी तो काढा, मग अ‍ॅप.

आयफोनच्या कॅलेंडरमध्ये ‘बक्षीस जिंकलात’ अशा नोंदी येतात. खोडल्या तरी पुन्हा येतात.

एकेक नोंद खोडून उपयोग नाही, कारण नकळत एक अख्खं कॅलेंडर तुमच्या फोनला जोडलं गेलंय. ती नोंद उघडा, पण तिच्यातली लिंक दाबू नका. खाली ‘अनसबस्क्राइब फ्रॉम धिस कॅलेंडर’ दिसेल, ते दाबा. सगळ्या नोंदी एकदम जातील.

नातेवाइकांचा ग्रुप सोडता येत नाही आणि आवाज सहन होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप म्यूट करताना ‘नेहमी’ निवडा. कोणाला कळत नाही. मात्र कोणी तुमचं नाव घेऊन टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर ते कळतं, आणि ते बरंच आहे.

‘चालू आहे’ असं एक नोटिफिकेशन कायम चिकटून बसलंय, सरकवलं तरी जात नाही. बिघाड आहे का?

बिघाड नाही. एखादं अ‍ॅप मागच्या बाजूला सतत काम करत असेल, समजा रस्ता दाखवणं किंवा रेकॉर्डिंग, तर त्याने तसं दाखवलंच पाहिजे असा अँड्रॉइडचा नियम आहे. ही तुमच्याच सुरक्षेची खूण आहे. अँड्रॉइड १४ पासून अशी बहुतेक नोटिफिकेशन्स सरकवता येतात, पण सरकवल्याने काम थांबत नाही, फक्त खूण जाते. म्हणून आधी दाबून धरून नाव वाचा. अ‍ॅप ओळखीचं आणि कामाचं असेल तर त्याचा तेवढा प्रकार ‘सायलेंट’ करा. ते चालण्याचं कारणच नसेल तर खूण लपवू नका, अ‍ॅपच काढा.

इतकी कटकट करण्यापेक्षा सगळीच नोटिफिकेशन्स बंद केली तर?

तसं करू नका. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, कोणीतरी तुमच्या खात्यात लॉगइन करत असल्याचा इशारा, औषधाची आठवण आणि आपत्तीचा इशारा, हे वेळेवर कळलं नाही तर नुकसान होतं. एरवी नवं अ‍ॅप उतरवताना नकार देण्याची सवय लावा. अँड्रॉइड १३ पासून अ‍ॅपला आधी परवानगी मागावी लागते, आयफोनवर तर ती कधीपासूनच लागते. गरज पडली तर नंतर देता येते.

रात्रीपुरती शांतता हवी असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ला वेळ लावून द्या. त्यात जवळच्या माणसांचे फोन येऊ द्या, आणि पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्याला वाजू देणारा पर्याय चालू ठेवा. अँड्रॉइडवर एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा फोन आला तर तो वाजतो. पहिल्या रात्री झोपण्याआधी गजर या शांततेतही वाजणार आहे ना, तेवढं त्याच पानावर तपासून घ्या.